मालदीवची शेजारीण आणि आमचं बारसं

मी आयुष्यभर कल्याणच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली. दुसऱ्यांची बोलणी जोडून द्यायची आणि आपण मधे तोंड घालायचं नाही, हा आमचा नियम. नोकरी संपली आणि आईचा नियमही संपला, असं माझा मुलगा म्हणतो. खोटं नाही ते. मला बोलायला माणूस लागतं. म्हणून सुनेच्या बाळंतपणासाठी कार्डिफला आले तेव्हा पहिले काही आठवडे जीव नुसता घुसमटला. मुलगा सकाळी लॅपटॉप उघडून वरच्या खोलीत बसायचा, त्याचं ते इन्शुरन्सचं काम. सूनबाई पोटुशी असूनही रोज बसनं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जायची. आणि मी किचनमध्ये रेडिएटरला पाठ लावून बसलेली. रस्त्यावर कुणी दिसलंच तर ते कुत्र्याशी बोलत चाललेलं असायचं.

आमच्या आणि शेजारच्या बागेमधल्या लाकडी कुंपणाचा एक तुकडा वादळात उडाला होता. आमचा घरमालक म्हणे कुंपण त्यांचं, त्यांचा घरमालक म्हणे तुमचं. ह्या भांडणात ते भगदाड तसंच राहिलं. एका सकाळी मी कपडे वाळत घालत होते. वाळत घालत होते म्हणजे काय, कार्डिफमध्ये कपडे बाहेर टाकायचे आणि जास्त ओले करून आत आणायचे. तर त्या भगदाडातून एक बाई डोकावली. माझ्याच वयाची, काळीसावळी, डोक्याला घट्ट रुमाल. म्हणाली, "बहन, बारिश आने वाली है."

मी चिमटा हातात धरून बघतच राहिले. म्हटलं, आप कहाँ की? तर म्हणाली, मालदीव. आता मालदीव म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? माझ्या भाचीचे हनिमूनचे फोटो आले. पाण्यावरच्या झोपड्या, नवऱ्याच्या डोक्यावर तिची हॅट. मी ते बोलूनही दाखवलं. ती मनापासून हसली. तिच्या बेटावर हॉटेल नव्हतं. नारळ, होड्या, एक शाळा, एक मशीद, आणि संध्याकाळी फाटकात बसून बोलणाऱ्या बायका. आणि हिंदी सीरियल. तिचं सगळं हिंदी सीरियलमधून आलेलं, त्यामुळे साखर संपली तरी "यह नहीं हो सकता" असं म्हणायची. चुकून "हे भगवान" तोंडून गेलं की लगेच जीभ चावून अल्लाचं नाव घ्यायची. मुलगा तिचा आमच्या सुनेच्याच हॉस्पिटलमध्ये नर्स. त्याची बायकोही पोटुशी होती, आमच्या सुनेच्या थोडी मागे. म्हणजे आम्ही दोघी एकाच कामाला परदेशात आलेल्या.

मग काय, माझं कार्डिफ सुरू झालं. रोज सकाळी भगदाडापाशी दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, एक त्यांच्या हद्दीत, एक आमच्या. ती सुक्या माशाचं काहीतरी तळायची आणि त्याचा वास आमच्या घरभर यायचा. सूनबाईला उलट्या व्हायच्या, पण मी तिला खिडकी लावून घे म्हणायचे, शेजारणीला काही सांगितलं नाही. ती मला नारळ कसा खवायचा ते शिकवायला लागली तेव्हा मात्र मी तिला थांबवलं. म्हटलं, बाई, कोकणात माझं माहेर आहे.

तीही विधवा. नवरा मासेमारीला गेला आणि होडीच परत आली नाही, तिचा मुलगा लहान असताना. हे तिनं सांगितलं तेव्हा मी तिचा हात हातात घेतला. माझं दुःख तिला सांगितलं. आमचे हे हॉस्पिटलमध्ये गेले, सगळे जवळ असताना. तरी मी त्यानंतर कुठल्या लग्नात पुढच्या ओळीत बसले नाही. कुणी मला मागे हो म्हटलेलं नाही कधी. कुणी म्हणायच्या आधी मी स्वतःच मागे सरते. हळदीकुंकवाला बोलावणं आलं तर गुडघा दुखतो म्हणून सांगते. ओटी भरायची वेळ आली की मी किचनमध्ये भांडी आवरत असते. माझी ही युक्ती मला फार हुशारीची वाटायची. आपण आधीच सरकलं की अपमान व्हायला जागा राहत नाही.

शेजारणीला हे काही कळेना. "लेकिन क्यों?" तिनं विचारलं. मी म्हटलं, आमच्यात शुभ कामाला विधवेचा हात लागू देत नाहीत. तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, सीरियलमध्ये पाहिलंय. पांढरी साडी. मी म्हटलं, पांढरी साडी आता कुणी नेसत नाही. "तो फिर क्या बचा?" तिनं विचारलं. मी चहा करायला आत गेले.

त्याच सुमाराला तिनं मला त्यांच्या बेटांवर इस्लाम कसा आला ते सांगितलं. विषय कसा निघाला आठवत नाही. बहुतेक मी विचारलं असेल, तुम्ही पहिल्यापासून मुसलमान का? मला असले आगाऊ प्रश्न विचारायची सवय आहे. ती म्हणाली, नाही, आधी आमच्याकडे मूर्ती होत्या, देवळं होती, आणि समुद्रातून येणारं एक भूत होतं. ते महिन्यातून एकदा यायचं, दिव्यांनी भरलेल्या जहाजासारखं लांबून दिसायचं. मग बेटावरची एक मुलगी चिठ्ठ्या टाकून निवडायची, तिला सजवायची आणि किनाऱ्यावरच्या देवळात ठेवून यायची. सकाळी गेलं की मुलगी मेलेली असायची. एकदा चिठ्ठी एका म्हातारीच्या एकुलत्या एक मुलीच्या नावावर आली. तिच्या घरी एक परदेशी पाहुणा उतरला होता. तो म्हणाला, मुलीला राहू दे, मी जातो. तो देवळात जाऊन कुराण म्हणत बसला. भूत आलं, त्यानं ते ऐकलं आणि परत समुद्रात गेलं. सकाळी लोक प्रेत न्यायला आले तर हा माणूस बसून पाठ म्हणतोय. राजानं ते पाहिलं आणि सगळी बेटं मुसलमान झाली.

हे सांगून झाल्यावर ती माझ्याकडे झुकून म्हणाली, काही लोक म्हणतात भूतबीत काही नव्हतं, राजाचीच माणसं होती. मला ते अगदी पटलं. पण मला राग आला होता तो दुसऱ्याच गोष्टीचा. मी विचारलं, मुलीला देवळात घेऊन कोण जायचं? ती म्हणाली, घरचेच. आई वेणी घालायची. मी भडकले. कसली आई ती, म्हटलं, मी असते तर त्या राजाचं घर डोक्यावर घेतलं असतं. शेजारीण हसली. मग म्हणाली, तुला वाटतं दीन, म्हणजे आमचा धर्म, आला म्हणून भीती गेली? तिची आजी पाच वेळा नमाज पढायची, आणि तरी संध्याकाळी सुनांना मोकळ्या केसांनी किनाऱ्यावर जाऊ द्यायची नाही. बाळंतिणीच्या खोलीच्या दारावर काहीतरी बांधलेलं असायचं. मूल किरकिरं झालं की एक माणूस यायचा, पांढऱ्या बशीवर शाईनं कुराणातली आयत लिहायचा, ती पाण्यानं धुवायची आणि ते पाणी मुलाला पाजायचं. मौलवी ओरडायचे, की हे सगळं जुन्या काळातलं आहे, सोडा. बायका हो म्हणायच्या आणि पुढच्या वेळी त्या माणसाला मागच्या दारानं बोलवायच्या. "दीन आया, बहन. डर वहीं बैठा रहा," ती म्हणाली. मी म्हटलं, आमच्याकडे मीठमोहऱ्या आहेत. मग आम्ही दोघी आपापली भुतं काढून बसलो. तास कसा गेला कळलं नाही.

सूनबाई बाळंत झाली. मुलगी झाली. हॉस्पिटलमधून घरी आणली त्या दिवशी मुलानं तिला माझ्या मांडीवर ठेवलं. इतकं हलकं माणूस मी किती वर्षांत धरलं नव्हतं. त्या क्षणापासून माझ्या मनात एकच गोष्ट बसली. बारशाला हिला पाळण्यात मी घालायचं. दुसरं काही नको. साडी नको, मान नको. फक्त पाळण्याच्या एका बाजूला उभं राहायचं आणि हिला माझ्या हातांनी आत ठेवायचं. विधवेनं तसं करायचं नसतं हे मला माहीत होतं, पण मनाला कुठं कळतं? मी रोज रात्रीचे डाळतांदूळ धुताना स्वतःशी बोलायचे, की ही आताची मुलं आहेत, सूनबाई लॅबमध्ये रक्त तपासते, ती कशाला असलं मानेल. ती एकदा म्हणेल, आई, तुम्ही या. मी एकदा नको म्हणेन. ती पुन्हा म्हणेल. मग मी उठेन.

पण हे मी तोंडानं कुणाला सांगितलं नाही. जन्मात कधी मागितलं नाही ते ह्या वयात काय मागायचं.

सुनेची आई पुण्याहून आली. आमच्या विहीणबाई. स्वभावानं चांगल्या, पण कामाला लागल्या की घरातल्या इतर बायका पाहुण्या होतात. येताना बॅगेतून वरवंटा घेऊन आल्या. बाळाच्या आधी पाळण्यातून वरवंटा फिरवायचा असतो, तो कार्डिफला कुठं मिळणार, म्हणून. विमानतळावर त्यांना बॅग उघडायला लावली होती आणि त्या तिथल्या माणसाला बारशाचा विधी समजावून आल्या होत्या. पाळणा मात्र इथलाच. इथल्या मराठी घरांनी मिळून एक लाकडी पाळणा घेऊन ठेवला आहे, ज्याच्याकडे बारसं त्याच्याकडे तो गाडीच्या डिकीतून येतो, सुटे भाग आणि एका पिशवीत स्क्रू. माझ्या मुलानं सकाळभर तो जोडला. बारावा दिवस कधीच उलटून गेला होता. सगळ्यांना सुट्टी असेल तो शनिवार गाठायचा, असं इथं असतं.

त्या शनिवारी घर भरून गेलं. मराठी मंडळातल्या बायका नऊवारीत, पायात बूट, दारात छत्र्यांचा ढीग. शेजारणीला मीच बोलावलं होतं. ती हिरवा झगा घालून आली, डोक्याला नवा रुमाल, हातात गोड भाताचा डबा. विहीणबाईंनी मला हॉलमध्ये आल्या आल्या सांगितलं, "अहो, तुम्ही ह्या खुर्चीवर बसा, इथनं सगळं छान दिसेल." पाळण्याच्या डोक्याच्या बाजूला एक खुर्ची ठेवली होती. मी हसून बरं म्हटलं. पण मनात म्हटलं, ठरलेलं दिसतंय ह्यांचं. दिसेल म्हणे. मी बघायला आलेय का? माझ्या गुडघ्याची काळजी म्हणूनही म्हणाल्या असतील, पण तेव्हा मला तसं वाटून घ्यायचं नव्हतं. मी बसले. शेजारीण येऊन माझ्या खुर्चीला टेकून उभी राहिली, कारण त्या गर्दीत तिला माझ्याशिवाय कोण ओळखीचं होतं.

वरवंटा फिरवून झाला. सगळ्या हसल्या. मग सूनबाईनं मुलीला उचललं. एकीनं पाळण्याच्या वरून द्यायचं, दुसरीनं घ्यायचं आणि खालून परत द्यायचं, अशी पद्धत. मुलीच्या डोक्याला झालर लावलेलं टोपडं होतं, ते डोळ्यांवर आलं होतं. सूनबाईनं पाळण्याच्या पलीकडून मुलीला पुढे केलं आणि माझ्या शेजारणीला म्हणाली, "आंटी, आप लीजिए." शेजारणीनं आनंदानं दोन्ही हात पसरले.

आणि मी तिचं मनगट धरलं.

मी विचार करून धरलं नाही. खुर्चीतून अर्धी उठले होते, गुडघा दुखल्याचंही कळलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर तिच्या नवऱ्याची न परतलेली होडी आली, आणि मुलीचं ते टोपडं आलं, आणि माझ्या तोंडून शब्द गेले. "नको, नको. विधवा आहे ती." मराठीत म्हणाले. पण विधवा हा शब्द सीरियलमध्ये रोज येतो.

तिनं हात मागे घेतले. माझ्याकडे बघितलं नाही, मुलीकडे बघून हसली आणि एक पाऊल मागे झाली. अगदी मी होते तशी. सरावल्यासारखी. सूनबाईचे हात मुलीसकट पाळण्यावर तसेच राहिले होते. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या बोडक्या गळ्याकडे पाहिलं असं मला वाटलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काहीतरी समजल्यासारखा चेहरा होता. मग तिनं वळून मुलीला विहीणबाईंच्या हातात दिलं. विहीणबाईंनी मैत्रिणीला दिलं, मैत्रिणीनं आणखी कुणाला, वरून, खालून, सगळं रीतीप्रमाणे झालं. आत्या म्हणून मुलाची एक मैत्रीण उभी होती, तिनं कानात नाव सांगितलं आणि बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. सगळ्या पुन्हा हसायला लागल्या. माझ्याकडे मूल आलं नाही. कसं येणार? नियम मीच सांगितला होता, सगळ्यांसमोर, मोठ्यानं.

मी खुर्चीवर बसून होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं म्हणतात, ते मला त्या दिवशी कळलं. जमीन वगैरे फाटत नाही. घुगऱ्यांची वाटी समोर येते, ती घ्यावी लागते.

शेजारणीनं घुगऱ्या खाल्ल्या. विहीणबाईंना विचारून चण्यात काय काय घातलंय ते समजून घेतलं. माझ्यापाशी येऊन म्हणाली, "बच्ची बहुत प्यारी है, बहन. अल्लाह उसे सलामत रखे." आणि मागच्या दारानं, त्या भगदाडातून, पावसात घरी गेली. तिच्या गोड भाताचा डबा टेबलावर झाकलेलाच राहिला. मासे असतील म्हणून कुणी उघडला नाही. मी उघडला. नुसता नारळ, वेलदोडा आणि गुलाबपाणी होतं.

पाहुणे निघाले तेव्हा मंडळातल्या एक बाई दारात बूट घालता घालता माझा हात दाबून म्हणाल्या, "बरं केलंत काकू. आजकालच्या मुलांना काही कळत नाही, कुणालाही पुढे करतात. आपल्या देवाधर्मात त्यांचं काय काम." त्यांना वाटलं, ती मुसलमान म्हणून मी थांबवलं. मला सांगता आलं असतं, की तसं नाही हो, ती विधवा आहे म्हणून, आणि मीही विधवाच आहे. पण ते सांगणं काय कमी लाजेचं होतं? मी छत्री शोधून त्यांच्या हातात दिली. त्या माझ्यावर खूश होऊन गेल्या, हे मला आजही आठवलं की अंगावर पाल पडल्यासारखं होतं.

त्या दिवसानंतर मी कपडे रेडिएटरवर वाळत घालायला लागले. मुलगा म्हणाला, आई, बाहेर ऊन आहे. म्हटलं, माझं डोकं दुखतं. किचनच्या खिडकीतून तिची खुर्ची दिसायची, तिच्या हद्दीतली. ती सकाळी येऊन बसायची, थोडा वेळ, आणि उठून जायची. मला वाटायचं, जावं आणि पाय धरावेत. मग वाटायचं, काय म्हणू? की बहन, मला भीती वाटली? कशाची? तुझी. मग ती विचारेल, माझी वाटली तर तुझी स्वतःची का वाटत नाही? रात्री रडली की तुझी नात कोण उचलतं, तूच ना, त्याच हातांनी? राजाचं घर डोक्यावर घेणार होते मी. एवढं तोंड वर करून बोलले होते.

एकदा धीर करून नारळाच्या वड्या घेऊन गेले, पुढच्या दारानं, परक्यासारखी. तिच्या सुनेनं दार उघडलं आणि अम्मा झोपल्यात म्हणून सांगितलं. वड्या घेतल्या. मला बरंच वाटलं की ती झोपली होती, आणि बरं वाटल्याची परत लाज वाटली. सूनबाईनं ह्या सगळ्यावर एक अक्षर काढलं नाही. पूर्वीसारखीच मला आई म्हणायची, मुलीला दूध पाजून झालं की माझ्याकडे ढेकर काढायला द्यायची. ती भांडली असती तर मी भांडले असते. मला भांडता येतं. तिच्या त्या गप्प बसण्याचं मी काय करणार?

मग शेजारच्या घरी मुलगा झाला. सातव्या दिवशी त्यांच्याकडे नाव ठेवतात. सकाळीच शेजारणीचा मुलगा दारात आला, नाइट शिफ्ट करून आलेला, डोळे लाल. म्हणाला, "अम्मा ने आपको बुलाया है. ज़रूर आना." मी सूनबाईकडे पाहिलं. ती म्हणाली, "जाऊ या की." तिनं मुलीला प्रॅममध्ये घातलं आणि आम्ही गेलो, पुढच्या दारानं.

त्यांच्या हॉलमध्ये आमच्याएवढीच गर्दी होती. बाळाचे केस काढले होते, डोकं तेलानं चमकत होतं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी काहीतरी पढलं आणि बाळाच्या कानात बोलले. मी दाराजवळ उभी राहिले, चपला ठेवतात तिथं. इथून पटकन निघता येईल, असं बघून ठेवलं होतं. शेजारणीनं मला पाहिलं. बाळ तिच्याच हातात होतं. ती सगळ्यांमधून सरळ माझ्यापर्यंत आली आणि म्हणाली, "लो."

मी हात मागे घेतले. म्हटलं, "बहन, मैं तो…"

"मालूम है," ती म्हणाली. "मैं भी हूँ." आणि तिनं बाळ माझ्या हातांवर ठेवलं.

मी धरलं. धरावंच लागलं. लोक माझ्याकडे बघून हसत होते, कुणी फोटो काढला. मी त्या पोराकडे बघत होते आणि मनात देवाला म्हणत होते, ह्याला काही होऊ देऊ नकोस, माझ्यामुळे काही होऊ देऊ नकोस. तिनं एवढं मोठं मन केलं आणि मी तिथं उभी राहून घाबरत होते. जरा वेळानं मी बाळ तिला परत दिलं. ती म्हणाली, बस, कुछ खाओ. मी खाल्लं. ह्या वेळी त्यात मासा होता.

परत येताना पाऊस नव्हता. दोन घरांमधलं अंतर किती, पाच-पन्नास पावलं, पण सूनबाई प्रॅम थांबवून फुटपाथवर उभी राहिली. मुलीची शाल नीट करत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, त्या दिवशी मी असं ठरवलं होतं, की पहिली आंटींना द्यायची आणि त्यांच्या हातून तुमच्या हातात. तुम्ही पाळण्यात ठेवायचं. माझ्या आईला सांगून खुर्ची मुद्दाम तिथं ठेवली होती, तुम्हाला जास्त उभं राहायला नको म्हणून. मग तुम्ही तसं म्हणालात. मला वाटलं, तुम्ही हे सगळं मनापासून मानता, आणि मी तुम्हाला सगळ्यांसमोर अवघडून टाकणार होते. सॉरी हं."

ती मला सॉरी म्हणाली. मी प्रॅमच्या दांडीला धरून उभी होते. मला हवं होतं, एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. आयुष्यभर लोकांना लोकांशी जोडून दिलं आणि स्वतःचे तीन शब्द काही बाहेर आले नाहीत. मी म्हटलं, "अगं, त्यात काय एवढं," आणि पुढे होऊन दार उघडलं. ते शब्द मी तिला अजून सांगितलेले नाहीत.